जुनी पिकअप घ्यायची आहे? आधी तिनं काय वाहिलं ते विचारा

गौरी-गणपती झाले की आमच्या कडोली भागातली दोन-तीन तरी पोरं घरी येतात. मळ्यातली कोबी, फ्लॉवर, ओली मिरची स्वतःच्या गाडीतून बेळगावच्या मार्केट यार्डात न्यायची, जमलं तर गोव्याची लाइन धरायची, असं मनात असतं. हातात दोन-अडीच लाख असतात. नव्या गाडीचा हप्ता झेपणार नाही हे त्यांना कळतं, म्हणून कुठंतरी एखादी जुनी पिकअप पाहून ठेवलेली असते. पहिला प्रश्न ठरलेला: "काका, मीटर एक लाख ऐंशी हजार दाखवतंय. घेऊ का नको?"

मीटरवरून मी गाडी कधी घेतली नाही आणि कुणाला घेऊही दिली नाही. जुन्या गाड्यांत मीटरची केबल तुटून वर्षं गेलेली असतात, नव्या मीटरचा आकडा मशीन लावून मागं घेता येतो. समजा आकडा खरा असला, तरी तो फक्त अंतर सांगतो. मालाच्या गाडीचं आयुष्य ठरतं ते तिच्या पाठीवर काय होतं आणि कुठल्या रस्त्यावर होतं यावर. निपाणी-चिकोडीकडची दुधाची गाडी रोज पहाटे त्याच सपाट रस्त्यानं, त्याच ड्रायव्हरच्या हातून, बेताच्या वजनात फिरते. ती तीन लाख पळालेली असली तरी मी बघायला जाईन. चिरा आणि वाळू वाहिलेली गाडी नव्वद हजारांवर थांबलेली असली तरी लांबून परत फिरेन.

म्हणून खालचं सगळं या एका प्रश्नाभोवती आहे. दुसरा प्रश्न कागदांचा, आणि आपण कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवर राहतो म्हणून तो इथं जरा जास्तच अवघड होतो.

आधी आपलं काम ठरवा

रोज पाच-सहाशे किलो भाजी दहा-पंधरा किलोमीटरवर न्यायची असेल तर छोटा हत्ती पुरतो. टाटा एस २००५ साली बाजारात आली, ७०२ सीसीचं दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन, पाऊण टनाची गाडी. दोन सिलिंडर असल्यामुळं उभ्या गाडीत ती थरथरते, हे तिचं मूळचंच आहे, त्याला घाबरू नका. पण तीच गाडी भरून चोर्ला किंवा अनमोड घाटातून रोज आणायची म्हटलं तर ती दमते. हळूहळू तापते आणि एक दिवस हेड गॅस्केट जातं. घाटाचं काम असेल तर बोलेरो पिकअपसारखं अडीच लिटरचं चार सिलिंडर इंजिन हवं. मधलं काम असेल तर २०११ पासून आलेली अशोक लेलँडची दोस्त आहे, तीन सिलिंडर, सव्वा टनाच्या आसपासची.

इंजिनातला एक फरक मात्र नवख्यानं नीट समजून घ्यावा. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाडीचं काम गावातला मेस्त्री पाना-पक्कड घेऊन करतो. धुराच्या प्रदूषणाचे बीएस-४ नियम देशभर १ एप्रिल २०१७ ला लागू झाले, बीएस-६ १ एप्रिल २०२० ला. त्या नियमांसाठी आलेल्या कॉमन रेल गाड्यांत इंजेक्टर इलेक्ट्रॉनिक आहेत. त्यांना स्कॅनर लावावा लागतो आणि चारही इंजेक्टर गेले तर स्वस्त गाडी स्वस्त राहत नाही. हात तंग असेल आणि गाव आडबाजूला असेल तर मी जुन्या पंपाच्या गाडीकडे झुकतो. फक्त तिचं वय बघावं लागतं, ते कागदांत येईलच.

तिनं काय वाहिलं, हे कसं ओळखायचं

मालक सांगेल ते ऐका, पण हौद्यात चढून बघा. हौद्याचा पत्रा मोठे खळगे पडून बसलेला असेल तर दगड, चिरा टाकलेत. कोपऱ्यांत, बिजागरीच्या आत राखाडी थर घट्ट बसलेला असेल तर सिमेंट. तांबडी भुकटी असेल तर विटा. खानापूर भागात विटांच्या भट्ट्या बऱ्याच, तिथल्या गाड्यांत ती हमखास दिसते. केबिनमागची जाळी पुढं वाकलेली, फालका (हौद्याची मागची फळी) मधोमध घासून चकचकीत झालेला असेल तर सळ्या आणि पाइप वाहिलेत. सळ्यांच्या गाडीचं वजन मागं लोंबतं, त्यामुळं चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, मधे ताण बसतो. कॅनच्या गोल खुणा दिसल्या तर दूध, आणि मला बरं वाटतं. निपाणीची तंबाखूची गाडी असेल तर हौद्यात वास राहतो. तो माल आकाराच्या मानानं हलका, त्यामुळं अशी गाडीही सहसा खालून ठीक सापडते.

सगळ्यात जपून राहायचं ते मासळीच्या गाडीपासून. वेंगुर्ला, मालवणकडून आंबोली-शिनोळी मार्गानं बेळगावला मासळी येते, कारवारकडूनही येते. बर्फाचं खारट पाणी वर्षानुवर्षं हौद्यातून चासीवर ठिबकत राहतं. वरून रंग मारलेला असतो. खाली स्क्रू-ड्रायव्हरनं टोचलं की पापुद्रा सुटतो. पापुद्रा सुटला तर किंमत कितीही उतरू दे, ती गाडी सोडा. चासी गेलेल्या गाडीला औषध नाही.

आणखी एक करा, आणि हे कुणी करत नाही म्हणून मुद्दाम सांगतो. मालक स्वतः चालवत नसेल तर गाडीवरच्या ड्रायव्हरला गाठा, चहा पाजा. गिअर कुठं अडतो, पाणी किती दिवसांनी घालावं लागतं, कुठल्या घाटात बंद पडली, हे त्याला माहीत असतं, आणि विचारलं की तो मनापासून सांगतो. बैलहोंगल, गोकाककडे गाडी बघायला जाणार असाल तर चांगलं कन्नड बोलणारा सोबती न्या. मोडकं-तोडकं कन्नड आपल्या सगळ्यांना येतं, पण ड्रायव्हर मोकळा होतो तो त्याच्या भाषेत.

कुणाकडून घ्यावी

थेट मालकाकडून मिळाली तर उत्तम. कन्सल्टंटकडे पर्याय जास्त दिसतात, पण तिथं गाडी धुऊन, रंगवून, इंजिन पुसून उभी केलेली असते आणि "एक रुपयाचं काम नाही बघा" हे वाक्य प्रत्येक गाडीला लागू असतं. फायनान्स कंपनीनं ओढून आणलेल्या गाड्या यार्डात असतात. त्या खरंच स्वस्त पडतात. मात्र आहे तशी घ्यावी लागते, बहुतेक वेळा चालवून बघता येत नाही. हप्ते थकवलेल्या माणसानं ऑइल कधी बदललं असेल याचा विचार करा. पहिलीच गाडी असेल तर यार्डाच्या नादाला लागू नका.

कागद

आता माझी गोष्ट सांगतो. २०१५ साली मी सीमेपलीकडून एमएच-०९, म्हणजे कोल्हापूर पासिंगची पिकअप घेतली. आपल्याकडच्या तशाच गाडीपेक्षा चाळीस हजारांनी कमी. मध्यस्थ म्हणाला, एनओसी (जुन्या आरटीओचा ना-हरकत दाखला) आठवड्यात देतो, तोवर नोटरी करून घेऊ. मी पूर्ण पैसे मोजले. मागून कळलं की गाडीवर फायनान्सचा बोजा अजून आहे. पहिलं कर्ज फिटलं होतं, पण त्याच मालकानं त्याच गाडीवर पुन्हा कर्ज काढलं होतं. एनओसी अडली. दरम्यान फिटनेस, म्हणजे गाडी चालवण्यालायक असल्याचा आरटीओचा दाखला, संपलं. गाडी अकरा महिने गोठ्याशेजारी उभी राहिली आणि त्या अकरा महिन्यांत मी भाड्याच्या गाडीनं भाजी नेली. शेवटी मालकाच्या थकबाकीतले काही पैसे मीच भरले तेव्हा कागद सुटले. चाळीस हजार वाचवायला गेलो आणि त्याच्या दुपटीहून जास्त गेले. घरात त्या वर्षी काय ओढाताण झाली ते मला आठवतं, म्हणून हा भाग मी लांबवून लिहितो आहे.

पहिली गोष्ट म्हणजे नोटरीचा कागद गाडी तुमच्या नावावर करत नाही. आपल्या भागात "नोटरीवर गाडी" चार-चार हात फिरते. आरसीवर ज्याचं नाव, कायद्याच्या नजरेत तोच मालक. २०१८ साली सुप्रीम कोर्टानं नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात हेच सांगितलं: गाडी विकली, पण नोंदणीत नाव तसंच राहिलं, तर अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावर. विकणारा नाव बदलायला टाळाटाळ करत असेल तर त्याला हे शांतपणे समजावून सांगा. नाव बदलण्यात त्याचंही हित आहे.

गाडी बघायला निघण्याआधी नंबर मागून घ्या आणि 'वाहन' पोर्टलवर किंवा एमपरिवहन अ‍ॅपवर टाका. बोजा आहे का, फिटनेस कधीपर्यंत, टॅक्स कुठपर्यंत भरलाय, विमा, पीयूसी, कितवा मालक, काळ्या यादीत आहे का, हे दहा मिनिटांत दिसतं. चलन वेगळं तपासा, आणि कर्नाटक व महाराष्ट्र दोन्हीकडचं तपासा, कारण आपल्या गाड्या दोन्हीकडे जातात. चोरीच्या नोंदीसाठी केंद्राच्या गुन्हे नोंद विभागाच्या (एनसीआरबी) पोर्टलवर नंबर टाकून बघता येतं.

बोजा दिसत असेल तर "कर्ज फिटलंय, फक्त कागद काढायचाय" या बोलण्यावर इसार देऊ नका. फायनान्सचं फिटल्याचं पत्र आणि नमुना ३५ हातात पडू द्या. तो आरटीओत देऊन बोजा उतरवल्यावरच पुढचं.

केए-२२ बेळगाव, केए-२३ चिकोडी, केए-२४ बैलहोंगल, केए-४९ गोकाक. यातली गाडी असेल तर काम सोपं: नाव बदलायचे नमुना २९ आणि ३०, आरसी, विमा, पीयूसी, आधार, आणि खरेदीपासून ३० दिवसांत अर्ज. विकणाऱ्याचा जो मोबाइल नंबर नोंदवलेला आहे तो चालू आहे का, ते आधी बघा. ओटीपी तिथं जातो, आणि नंबर बंद असेल तर त्यासाठी वेगळी फेरी घालावी लागते. मालक वारला असेल तर आधी वारसाच्या नावावर आणि मग तुमच्या नावावर. मध्येच उडी मारता येत नाही.

एमएच-०९, एमएच-०७ (सिंधुदुर्ग) किंवा गोव्याची गाडी असेल तर नमुना २८ ची एनओसी लागते, आणि ती तुमच्या आरटीओच्या नावानं काढलेली हवी. कोल्हापूरची गाडी चिकोडीच्या नावानं एनओसी घेऊन आली आणि तुम्ही बेळगावला राहत असाल तर पुन्हा खेटे. नंतर नमुना २७, नवा नंबर, इथला टॅक्स. गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांहून जास्त ठेवली तर नवा नंबर घ्यायलाच हवा, मोटार वाहन कायद्याचं ४७ वं कलम तेच सांगतं. शिनोळी, चंदगडला पाहुणे आहेत, त्यांच्या पत्त्यावर राहू दे गाडी, असं बरेच जण म्हणतात. चालते काही दिवस. अपघात झाला की विमा कंपनी पहिला प्रश्न तोच विचारते. परराज्यातली गाडी पन्नास हजारांनी स्वस्त असली तरी घेऊ नका, असं मी म्हणत नाही. एनओसी हातात येईपर्यंत अर्ध्याहून जास्त पैसे देऊ नका, असं म्हणतो.

फिटनेसचं गणित असं: मालाच्या गाडीला आठ वर्षांपर्यंत दोन-दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी पासिंग करावं लागतं. १५ वर्षांपुढच्या गाडीच्या पासिंगची फी १ एप्रिल २०२२ पासून बरीच वाढली आहे. म्हणून चौदा वर्षांची गाडी कितीही देखणी असली तरी तिचा पुढचा खर्च आजच हिशेबात धरा. फिटनेस संपलेली गाडी घेत असाल तर रिफ्लेक्टर पट्ट्या, स्पीड गव्हर्नर, दिवे, मडगार्ड, एचएसआरपी (नव्या सुरक्षित नंबराची) पाटी यांचा खर्च किमतीतून वजा करून मागा.

आरसीवर एकूण भारित वजन लिहिलेलं असतं, जीव्हीडब्ल्यू. ते ३,००० किलोपर्यंत असेल तर मालाच्या गाडीला परमिट लागत नाही. त्याहून जास्त असेल तर लागतं. बोलेरो पिकअपची काही मॉडेलं ३,००० च्या आत आहेत, काही वर, आणि बाहेरून बघून ते कळत नाही. गोव्याला, कोल्हापूरला जायचं असेल आणि वजन ३,००० च्या वर असेल तर नॅशनल परमिट बघावं लागतं, आणि ते १२ वर्षांहून जुन्या, दोन अ‍ॅक्सलच्या साध्या मालाच्या गाडीला मिळत नाही. गोव्याच्या लाइनसाठी तेरा वर्षांची मोठी पिकअप घेऊन बसलेला एक मुलगा मला माहीत आहे. आरसीवरचा तो एक आकडा त्यानं वाचला असता तर वेगळी गाडी घेतली असती.

लायसन्सची काळजी मात्र करू नका. ६ नोव्हेंबर २०२४ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानं हे स्पष्ट झालंय की एलएमव्ही (हलक्या वाहनाच्या) लायसन्सवर ७,५०० किलोपर्यंतची मालाची गाडी चालवता येते.

चासी नंबर गाडीवर शोधा, चिंधीनं पुसा, कागद ठेवून पेन्सिल घासून ठसा घ्या आणि आरसीशी अक्षरागणिक ताडा. बहुतेक कंपन्यांत सतरा अक्षरांतलं दहावं अक्षर बनावटीचं वर्ष सांगतं: एफ म्हणजे २०१५, जी २०१६, एच २०१७, जे २०१८, के २०१९. आरसीवर २०१७ आणि चासीवर २०१५ असं निघालं तर मालकाला कारण विचारा. अक्षरं वाकडी-तिकडी, आजूबाजूला घासल्याच्या खुणा असतील तर काही न विचारता निघा.

पहाटे जा

मालकाला आदल्या दिवशी सांगा, मी सकाळी सातला येतो, गाडी सुरू करू नका. पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवा. एस असेल तर सीट उचला, इंजिन खालीच आहे. गरम लागलं तर समजा आधी सुरू करून ठेवलीय, कारण थंड इंजिन सुरू व्हायला त्रास देतंय. अशा वेळी नम्रपणे दुसरा दिवस मागा.

सुरू करण्याआधी रेडिएटरचं झाकण उघडा. तांबूस गढूळ पाणी असेल तर कूलंट कधी घातलंच नाही. वर तेलाचा तवंग असेल तर हेडचं काम आहे. ऑइल घालायच्या झाकणाखाली दह्यासारखा पांढरट चिकटा असेल तर ऑइलमध्ये पाणी जातंय. चावी फिरवून डॅशबोर्ड बघा: ऑइलचा आणि इंजिनचा दिवा आधी लागला पाहिजे आणि सुरू झाल्यावर विझला पाहिजे. लागलाच नाही तर बल्ब काढून ठेवलाय.

सुरू झाल्यावर मागं उभे राहा. थंडीत पहिला मिनिटभर पांढरट धूर येतो, तो जातो. गरम झाल्यावरही पांढरा, गोडसर वासाचा येत राहिला तर पाणी जळतंय. निळा म्हणजे ऑइल खातंय. काळा म्हणजे डिझेल जास्त जातंय: एअर फिल्टर, नोझल, पंप. यातलं काळ्या धुराचं काम बहुधा आवाक्यातलं असतं, निळ्याचं नसतं. मग चालू इंजिनात ऑइलचं झाकण सैल करून वर ठेवा. झाकण नाचू लागलं, भकभक वाफ येऊ लागली तर बॅक कॉम्प्रेशन आहे, म्हणजे रिंगा-पिस्टन दमलेत. दोन लाखांच्या गाडीत थोडी वाफ मी मान्य करतो. झाकण उडून पडत असेल तर इंजिन उघडावं लागेल आणि तेवढे पैसे किमतीतून कमी झाले पाहिजेत.

खाली वाका

ताडपत्री अंथरून गाडीखाली जा. कपडे मळतील, जाऊ देत. केबिन संपून हौदा सुरू होतो तिथं चासीवर बॅटरी मारा. ओव्हरलोड गाडी इथंच तडकते. वेल्डिंगची रेघ, वरून ठोकलेली पट्टी, एकाच जागी ताजा काळा रंग, यातलं काही दिसलं तर गाडी नको. पाट्यांच्या (स्प्रिंगच्या) पानांत तुटलेलं पान आहे का बघा, यू बोल्ट नवे-जुने मिसळलेत का बघा. जास्तीचं पान घातलेलं असेल तर मालकानं उत्तर न देताही तुम्हाला कळलं की गाडी नेहमी जास्त भरली जायची. मागच्या हाऊसिंगमधून (मागच्या अ‍ॅक्सलच्या पेटीतून) तेल पाझरत असेल, मागच्या चाकांच्या आत ओलं असेल तर सील गेलीत आणि ब्रेक लायनरला तेल लागलंय. पुढचं चाक जॅकवर घेऊन वर-खाली धरून हलवा, खडखड आली तर बेअरिंग किंवा किंगपिन.

टायरवर चार आकडे असतात, २२१९ म्हणजे २०१९ सालचा बाविसावा आठवडा. नक्षी शाबूत, पण टायर सात वर्षांचा, असं घाटात नको.

भरून चालवा

रिकाम्या गाडीची ट्रायल म्हणजे काहीच नव्हे. मालकाला विचारून खताची दहा-बारा पोती टाका आणि चढ शोधा. बेळगावजवळ असाल तर येळ्ळूरहून राजहंसगडाचा रस्ता चांगला आहे, निपाणीकडचे तवंदी घाटात जातात. चढावर गिअर सुटतो का, क्लच घसरून इंजिन नुसतं ओरडतं का, तापमानाचा काटा वर जातो का, हे बघा. वर पोचल्यावर पाच मिनिटं गाडी चालूच ठेवा आणि पाण्याकडे लक्ष ठेवा.

उतारावर जास्त कळतं. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढा. गिअर आपोआप न्यूट्रलला उडाला तर गिअरबॉक्सचं काम आहे, आणि घाटात हेच जिवावर बेतू शकतं. खाली आल्यावर पुन्हा अ‍ॅक्सिलरेटर देताना निळ्या धुराचा लोट आला तर व्हॉल्व्ह गाइड गेलीत. मागून येणारी गुंईऽऽ ओढताना येते की सोडल्यावर, ते ऐका. दोन्ही वेळा येत असेल तर क्राऊन-पिनियन, म्हणजे मागच्या हाऊसिंगमधले गिअर. गिअर टाकताना खालून 'खट्' आलं तर जॉइंट क्रॉस, ते मात्र फार मोठं काम नाही. ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढते का, आणि चढावर हँडब्रेक भरल्या गाडीला धरतो का, हेही तपासा.

इथपर्यंत गाडी टिकली तर तुमच्या मेस्त्रीला दाखवा. बेळगावच्या उद्यमबागला ओळखीचा असेल तर उत्तम. मध्यस्थानं सुचवलेला मेस्त्री नको. त्याला गाडी बघायचे पैसे द्या, फुकट बघून घेऊ नका. पैसे घेतलेला माणूस खालीही वाकतो.

भाव

अडीच लाख हातात असतील तर दोन लाखांच्या आतली गाडी शोधा. उरलेले पन्नास हजार गाडीचेच आहेत असं समजा, ते पहिल्या दोन महिन्यांत लागतात. भाव करताना "खूप आहे हो" म्हणून काही होत नाही. कागदावर लिहून न्या: चार टायर इतके, क्लच प्लेट इतकी, पासिंग इतकं, चलन इतकं. लिहिलेला हिशेब समोर ठेवला की समोरचाही हिशेबानं बोलतो. माझा अनुभव असा की ऐन पावसात विकणारा थोडा नरम असतो, दसऱ्याच्या तोंडावर नसतो. पावसात केबिन गळते का तेही आपोआप कळतं.

इसार पाच-दहा हजारांपेक्षा जास्त नको, आणि त्याच्या पावतीवर लिहून घ्या: "बोजा निघाला नाही किंवा एनओसी मिळाली नाही तर इसार परत." बाकीचे पैसे बँकेतून द्या. गाडी ताब्यात घेताना तारखेबरोबर वेळही लिहा, म्हणजे त्याआधीचं चलन किंवा अपघात कुणाचा यावर वाद होत नाही. विकणाऱ्यानं त्याचा फास्टॅग बंद करायचा, तुम्ही तुमचा लावायचा, नाहीतर कोगनोळी आणि हत्तरगीच्या टोलचे पैसे त्याच्या खात्यातून जात राहतात आणि संबंध बिघडतात.

पहिला महिना

नाव बदलल्यावर १४ दिवसांत विमा कंपनीला अर्ज द्या. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस त्याचा, तो तुम्हाला मिळत नाही, तेवढा फरक भरावा लागतो. इंजिन ऑइल आणि तिन्ही फिल्टर, गिअर ऑइल, हाऊसिंग ऑइल, ब्रेक ऑइल, कूलंट, फॅन बेल्ट, हे सगळं पहिल्याच आठवड्यात बदला. जुन्या मालकानं कालच बदललं असं सांगितलं तरी बदला. मागचे ड्रम उघडून लायनर बघा.

सौंदत्तीच्या यल्लम्माला जाताना गावातली माणसं हौद्यात बसवून न्यायचा आग्रह होईल, म्हाताऱ्या बायका-माणसं म्हणतील, तुझी गाडी आहे की रे. नाही म्हणा. मालाच्या गाडीच्या विम्यात हौद्यातल्या माणसांची जबाबदारी येत नाही, आणि उभ्या माणसांनी भरलेला हौदा वळणावर कसा कलतो ते मी पाहिलं आहे. त्यांच्यासाठी टेंपो-ट्रॅव्हलर ठरवून द्या, वाटलं तर थोडे पैसे आपले घाला.

डॅशबोर्डच्या खणात शंभर पानी वही ठेवा. तारीख, मीटर, डिझेल, ऑइल, काय भरलं, किती भरलं, रोज एक ओळ. तीन-चार वर्षांनी तुम्ही ही गाडी विकायला काढाल तेव्हा घेणाऱ्या पोराच्या हातात ती वही द्या. तिनं काय वाहिलं हे त्याला हौद्यात चढून शोधावं लागणार नाही.